लुटेफिस्कची पंगत : मिनेसोटातील एका चर्चच्या वार्षिक भोजनाचे परीक्षण

ऑक्टोबर निम्मा सरला की आग्नेय मिनेसोटातील लहान गावांना जोडणाऱ्या रस्त्यांवर, मका काढून मोकळ्या झालेल्या शेतांच्या कडेला, हाताने रंगवलेले फलक दिसू लागतात. त्यांवर एखाद्या लुथरन चर्चचे नाव असते, एका शनिवारची तारीख असते आणि खाली ठळक अक्षरांत ‘लुटेफिस्क सपर’ एवढेच लिहिलेले असते. रॉचेस्टरला येऊन आम्हाला अकरा वर्षे झाली. दर वर्षी हे फलक पाहून आम्ही पुढे जात होतो, कारण कचेरीतले नॉर्वेजियन आडनावाचे सहकारीच लुटेफिस्क या माशाच्या पदार्थाचे वर्णन असे करीत की जाण्याची इच्छा उरू नये. 2025 मध्ये मात्र, नॉर्वेहून अमेरिकेत आलेल्या पहिल्या जथ्याला 200 वर्षे झाल्याचे निमित्त साधून आम्ही तिकिटे काढली : मी, पत्नी, बारा वर्षांची मुलगी आणि पुण्याहून आलेल्या माझ्या शाकाहारी सासूबाई. चर्चचे नाव मी देत नाही. पुढे काही उणिवा लिहायच्या आहेत, आणि विनामोबदला राबणाऱ्या एका एवढ्याशा गावाला नावानिशी टोचणे बरे दिसत नाही.

तिकीट मोठ्यांना 30 डॉलर, मुलांना निम्मे. आरक्षण फक्त फोनवर होते आणि फोन उचलणाऱ्या बाईंनी नाव विचारण्याआधी ‘मासा की मीटबॉल?’ असे विचारले. मी उत्तर शोधत असताना त्यांनीच, दोन्ही येणारच आहे, घाबरू नका, असे सांगून टाकले. तिकिटावरची वेळ चारची होती. आम्ही पानावर बसलो तेव्हा पाच वाजून वीस मिनिटे झाली होती. ही या व्यवस्थेतील पहिली उणीव. गाड्या शेजारच्या शेतात लावायच्या होत्या आणि आदल्या दिवशीच्या पावसामुळे तिथे चिखल होता, ही दुसरी. मात्र थांबणे तापदायक झाले नाही, कारण सगळ्यांना वर प्रार्थनागृहातील बाकांवर बसवतात, कोणीतरी ऑर्गन वाजवत असते आणि दर काही मिनिटांनी एक आजोबा दारात उभे राहून दहा-दहा क्रमांक पुकारतात. मग तेवढे लोक उठून तळघरात जातात. तळघरात कागद अंथरलेली लांब टेबले, समोरासमोर खुर्च्या, किशोरवयीन वाढपी आणि रिकामे झालेले भांडे दिसताच ते उचलून भरून आणणारी मंडळी. एक पंगत उठली की टेबल पुसून दुसरी बसते. सासूबाईंनी खुर्ची ओढता ओढताच, ‘ही तर आपली पंगतच की,’ असा निकाल दिला, आणि पुढचे दोन तास तो खोटा ठरला नाही.

आता माशाकडे वळू. लुटेफिस्क म्हणजे मीठ न लावता वाळवलेला कॉड. नॉर्वेच्या उत्तरेकडील लोफोटेन बेटांवर हिवाळ्याच्या शेवटी हा मासा लाकडी मांडवांवर टांगून ठेवतात आणि तिथल्या कोरड्या, गार वाऱ्यात तो फळीसारखा कडक होतो. असा मासा वर्षानुवर्षे टिकतो. खायचा असेल तेव्हा तो काही दिवस पाण्यात, मग क्षारात आणि पुन्हा बरेच दिवस पाण्यात भिजवतात. हा क्षार पूर्वी बर्च झाडाच्या राखेपासून मिळवीत, आता सोडा वापरतात. क्षारात मासा फुगतो, पारदर्शक होतो आणि त्याची घडणच बदलून जाते. शेवटचे धुणे नीट झाले नाही तर तो खाण्यास घातक ठरू शकतो. शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात कामगारांना विषारी पदार्थांची माहिती देण्याविषयी जो कायदा आहे, त्यातील विषारी पदार्थांच्या व्याख्येतून लुटेफिस्कला नावानिशी वगळले आहे. विधिमंडळाने हे विनोदाने केले की खबरदारी म्हणून, हे ज्याचे त्याने ठरवावे.

ताज्या बोंबलाचे कालवण जरा जास्त उकळले की मासा चमच्याला लागण्याआधीच सुटू लागतो. लुटेफिस्कची घडण त्याच्या जवळपासची आहे, फक्त त्यात बोंबलाची चव नाही. वास मी ऐकला होता तेवढा भयंकर नव्हता. तळघराच्या जिन्यातच तो प्रथम जाणवला आणि टेबलापाशी पोचेपर्यंत सवयीचा झाला. पहिल्या भांड्यातील मासा पापुद्रे सुटतील इतकाच शिजलेला होता आणि त्यावर वितळलेले लोणी ओतल्यावर चांगला लागला. दुसऱ्या भांड्यातील मासा मात्र पार विरघळला होता आणि सोबत आलेले लोणी कोमट होते. कोमट लोणी आणि विरघळलेला लुटेफिस्क यांचे मीलन मी कोणाही पाहुण्याच्या नशिबी येऊ नये असे म्हणेन. टेबलावर लोण्याच्या शेजारी पांढऱ्या सॉसचेही भांडे होते. लोणी नॉर्वेजियनांचे, पांढरा सॉस स्वीडिश लोकांचा, असे समोरच्या गृहस्थांनी गंभीरपणे सांगितले आणि सॉसचे भांडे हाताने थोडे दूर सरकवले. 1905 पर्यंत नॉर्वेवर स्वीडनचा राजा होता आणि त्यांचे बहुतेक पूर्वज त्याआधीच घर सोडून आले होते, हे ध्यानात घेतले तर भांडे सरकवण्यातला इतिहास कळतो.

आमच्या शेजारी ओस्लोहून शिकायला आलेला एक तरुण बसला होता. त्याच्या ताटाकडे पाहण्यात मला स्वतःच्या जेवणाइतकाच रस वाटला. माशाबरोबर मीटबॉल, क्रॅनबेरी आणि कोबीची कोशिंबीर पाहून तो चक्रावला होता. त्याच्या आजीकडे नाताळाच्या आधी लुटेफिस्क होतो, पण सोबत परतलेले बेकन आणि वाटाण्याचे दाटसर कालवण असते, आणि मोठी माणसे आक्वाव्हिट हे मद्य घेतात. चर्चच्या तळघरात मद्याचा प्रश्नच नव्हता. इथे गरम, पातळ कॉफी होती, आणि ती न मागता येत होती. ‘हे नॉर्वेचे जेवण नाही,’ असे तो मला हळूच म्हणाला. त्याचे म्हणणे खरे होते. पण म्हणून हे जेवण नकली ठरत नाही. नॉर्वेतून कोणी काय आणले हे इथे पाहायला मिळेल अशा अपेक्षेने येणाऱ्याची निराशा होईल. त्या लोकांच्या नातवंडा-पणतवंडांनी मिनेसोटाच्या मक्याच्या पट्ट्यात, नॉर्वेतील वेगवेगळ्या खोऱ्यांच्या चालीरीती मिसळत, चर्चच्या खर्चासाठी पैसे उभे करता करता काय घडवले, हे पाहायचे असेल तर याहून चांगली जागा मला ठाऊक नाही. माझे गुण मी या दुसऱ्या मापाने देत आहे.

त्या मापाने पहिला क्रमांक लेफ्सेचा. ही उकडलेल्या बटाट्याची पातळ पोळी. तळघराच्या एका कोपऱ्यात तीन आजीबाई ती लोकांसमोर करून दाखवत होत्या आणि माझी मुलगी जेवण अर्धवट सोडून तिथे जाऊन उभी राहिली. उकडलेला बटाटा गाळणीतून दाबून काढतात, गरम असतानाच त्यात लोणी व साय मिसळतात आणि पूर्ण गार झाल्यावर, लाटायच्या अगदी आधी, मैदा घालतात. आधी घातला तर पीठ चिकट होते, हे त्यांनी दोनदा बजावले. पोळपाट हात-दीड हात रुंद, गोल आणि कापडाने मढवलेला. लाटण्याला उभ्या खाचा आणि त्यावर मोज्यासारखे कापड. पोळी इतकी पातळ लाटतात की पोळपाटाच्या कापडावरची रेघ तिच्यातून दिसते. मग एक लांब, चपटी, टोकाला निमुळती केलेली पट्टी पोळीच्या मधोमध खालून सरकवायची, पोळी तिच्यावर घडी पडल्यासारखी उचलायची आणि विजेच्या मोठ्या सपाट तव्यावर उलगडत सोडायची. पुरणपोळी उलटताना ज्यांचा जीव वर-खाली होतो त्यांना या पट्टीचे मोल कळेल. सासूबाईंनी लाटणे हातात घेऊन त्याच्या खाचांवरून बोट फिरवले, पीठ चिमटीत धरून पाहिले आणि मराठीतच, ‘थोडं तेल लागेल याला,’ असे म्हणाल्या. आजीबाईंना शब्द कळले नाहीत, पण अभिप्राय कळला असावा, कारण त्यांनी ठामपणे मान हलवून नकार दिला.

लेफ्सेवर लोणी फासून साखर भुरभुरवायची आणि सुरळी करून खायची. तव्यावरून थेट हातात आलेली लेफ्से या 30 डॉलरांची भरपाई एकटी करते. टेबलावर येणाऱ्या लेफ्से मात्र आधी करून ठेवलेल्या आणि किंचित चिवट होत्या. तेव्हा जाणाऱ्याने जेवणाआधीच कोपरा गाठावा.

या लोकांनी घर का सोडले, हे सांगणारा एक छायाचित्रांचा फलक जिन्याजवळ लावला होता. त्यातील मजकूर बऱ्याच अंशी नेमका होता. डोंगर आणि खडकांमुळे नॉर्वेत लागवडीजोगी जमीन फारच थोडी. त्यात 1801 मध्ये 9 लाखांच्या आत असलेली लोकसंख्या 1865 पर्यंत 17 लाखांवर गेली. वडिलोपार्जित शेत थोरल्याकडे जाई, धाकट्यांना आपल्याकडच्या कुळांसारखे दुसऱ्याच्या जमिनीच्या तुकड्यावर, मालकाकडे राबण्याच्या अटीवर, राहावे लागे. 1825 च्या जुलैत ‘रेस्टोरेशन’ नावाचे लहानसे गलबत स्टाव्हांगर बंदरातून 52 माणसे घेऊन निघाले. त्यांतील अनेकांना धार्मिक मतभेदांमुळेही देश नकोसा झाला होता. वाटेत एक मुलगी जन्मली आणि 9 ऑक्टोबरला 53 जण न्यूयॉर्कला उतरले. एवढ्याशा गलबतात कायद्याने परवानगी असलेल्यांपेक्षा जास्त माणसे आणल्याबद्दल दंड झाला. तो राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी माफ केला. पुढच्या शंभरएक वर्षांत सुमारे 8 लाख नॉर्वेजियन अमेरिकेला आले. लोकसंख्येच्या मानाने पाहता युरोपात आयर्लंडखेरीज दुसऱ्या कोणत्या देशाने एवढी माणसे गमावली नाहीत.

फलकावरील एक वाक्य मात्र मला खटकले. पूर्वज ‘ओसाड, मालक नसलेल्या’ भूमीवर आले, असे तिथे लिहिले होते. आग्नेय मिनेसोटातील बहुतेक जमीन 1851 च्या दोन करारांनी डकोटा या मूळ रहिवासी लोकांकडून घेतली गेली, आणि स्प्रिंग ग्रोव्ह हे गाव, जे स्वतःला मिनेसोटातील पहिली नॉर्वेजियन वसाहत म्हणवते, 1852 मध्ये वसले. दोन तारखांमधील अंतर एका वर्षाचे आहे. पुढे 1862 च्या होमस्टेड कायद्याने 160 एकरांचे तुकडे जवळजवळ फुकट मिळू लागले, आणि त्याच वर्षी मिनेसोटात डकोटांशी युद्ध होऊन पुढच्या वर्षी त्यांना राज्यातून हाकलण्यात आले. स्वतः भूमिहीन म्हणून निघालेल्या लोकांच्या कहाणीत हा भाग गाळणे बरे नाही. मी हे वाढपी मंडळींपैकी एका बाईंना सांगितले. त्यांनी वाद घातला नाही; हा फलक 1975 च्या सुमाराचा आहे आणि बदलायचा विषय दोन वर्षे बैठकीत निघतो आहे, एवढेच म्हणाल्या.

पंगतीची वाट पाहताना पाय मोकळे करायला मी चर्चच्या दफनभूमीतून फिरून आलो होतो. बाके, हाउगेन, ली, मोएन अशी आडनावे दगडा-दगडांवर होती. नॉर्वेत सामान्य शेतकऱ्याला आपल्या अर्थाने आडनाव नसे. बापाचे नाव आणि तो ज्या शेतावर राहतो त्या शेताचे नाव, एवढ्यावर काम भागे. अमेरिकेत कायमचे आडनाव लिहून देण्याची वेळ आली तेव्हा अनेकांनी सोडून आलेल्या शेताचे नाव घेतले. बाके म्हणजे टेकडी, मोएन म्हणजे माळ. नावापुढे ‘कर’ लावून गाव पिढ्यान्पिढ्या पाठीवर वागवणाऱ्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. फरक एवढाच की आपल्यापैकी बरेच जण कधीतरी त्या गावी जाऊन येतात. इथे तीन-चार पिढ्या ती टेकडी कोणी पाहिलेली नव्हती. खोऱ्याची ओढ मात्र राहिली. 1899 मध्ये मिनियापोलिसच्या एका उद्यानात वाल्द्रेस खोऱ्यातून आलेले लोक एकत्र जमले आणि तिथून एकेका खोऱ्याची मंडळे निघण्याची प्रथा पडली.

जेवणाआधी सर्वांनी उभे राहून एक प्रार्थना म्हटली. तिची सुरुवात ‘ई येसू नाव्न’ अशी असून अर्थ ‘येशूच्या नावाने आम्ही पानावर बसतो’ असा आहे. तळघरातील जवळजवळ प्रत्येकाला ती तोंडपाठ होती, आणि त्यांतील बहुतेकांना त्या चार ओळींपलीकडे नॉर्वेजियनचा एक शब्द येत नव्हता. समोरच्या गृहस्थांना, ज्यांचे वय नव्वदीच्या आसपास असावे, थोडी भाषा येत होती. ते ओस्लोच्या तरुणाशी काही वाक्ये बोलले आणि तो मध्येच हसला. थट्टा म्हणून हसलो नाही, असे त्याने लगेच स्पष्ट केले. वाल्द्रेस खोऱ्याच्या बोलीतली अशी शब्दरूपे त्याने फक्त फार म्हाताऱ्या माणसांकडून ऐकली होती, आणि तळे, कुंपण, शेत यांसाठी इंग्रजी शब्दांना नॉर्वेजियन प्रत्यय लावलेले ऐकून त्याला गंमत वाटली. तंजावरचे मराठी ऐकताना पुण्याच्या माणसाचे असेच काहीसे होते.

भाषा आपोआप विरली असे मात्र नाही. येथून जवळच आयोवाची सीमा आहे. पहिल्या महायुद्धात, 23 मे 1918 रोजी, आयोवाचे गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी शाळेत, सार्वजनिक ठिकाणी, आगगाडीत, टेलिफोनवर आणि चर्चमधील प्रवचनातही इंग्रजीखेरीज कोणतीही भाषा वापरण्यास मनाई केली. रोख जर्मन भाषेवर होता, पण फटका नॉर्वेजियन, डॅनिश आणि स्वीडिश बोलणाऱ्यांनाही बसला. हा हुकूम त्याच वर्षी डिसेंबरात मागे घेतला गेला, तरी भीती राहिली. नॉर्वेजियन स्थलांतरितांच्या लुथरन चर्च-संघटनेने 1946 मध्ये आपल्या नावातील ‘नॉर्वेजियन’ हा शब्द काढला. आयोवातील डेकोरा येथून 1874 पासून निघणारे ‘डेकोरा-पोस्टेन’ हे नॉर्वेजियन वृत्तपत्र 1972 मध्ये बंद पडले. गृहस्थांच्या घरी ते येत असे. त्यांच्या आई ते वाचून झाल्यावर लेफ्से पसरायला वापरीत, असे त्यांनी सांगितले.

काचेच्या एका कपाटात महिला मंडळाची जुनी हिशेबवही उघडून ठेवली होती. 1912 चे पान, टाकाने लिहिलेले नॉर्वेजियन अक्षर, विणलेले हातमोजे आणि केक यांच्या लिलावाची रक्कम आणि ती कुठे पाठवली त्याची नोंद. मादागास्कर, आणि त्याखाली ‘सांताल’. पहिल्यांदा लक्ष गेले ते सासूबाईंचे. लार्स ओल्सेन स्क्रेफ्सरूड हे नॉर्वेजियन आणि हान्स पेटर बोरेसेन हे डॅनिश मिशनरी 1867 मध्ये आजच्या झारखंडातील बेनागडिया येथे संथाळांमध्ये काम करू लागले, आणि अमेरिकेतील नॉर्वेजियन बायकांची मंडळे त्यासाठी वर्षानुवर्षे पैसे पाठवीत. म्हणजे मिनेसोटातील एखाद्या शेतकरणीने हातमोजे विणून जमवलेली नाणी संथाळ परगण्यात पोचत होती. या एका पानासाठी मी दीड तास पुन्हा थांबेन. खेद एवढाच की त्याशेजारी माहितीची चिठ्ठी नव्हती, आणि ज्यांना नॉर्वेजियन येत नाही त्यांना, म्हणजे आता जवळजवळ सर्वांनाच, ते पान मुके आहे.

शाकाहारींसाठी व्यवस्था तोकडी आहे : उकडलेला बटाटा, रुताबागा नावाच्या सलगमासारख्या कंदाचे भरीत, कोशिंबीर आणि लेफ्से. सासूबाईंचे पोट गोडावर भरले. आटवलेल्या सायीची रोम्मेग्रोट ही खीर त्यांनी दोनदा घेतली, आणि साच्याला पीठ लावून तळलेली ‘रोझेट’ नावाची कुरकुरीत फुले पाहून, गोव्यातल्या ख्रिस्ती शेजारणी नाताळला हेच करतात, असे सांगितले, जे खरेच आहे.

भिंतीवर रोझमालिंगच्या, म्हणजे वेलबुट्टीच्या नक्षीच्या, लाकडी थाळ्या टांगल्या होत्या. ही कलाही अशीच इथे दुसऱ्यांदा रुजली. विस्कॉन्सिनमधील स्टोटन गावी पेर लीस्ने नावाचा कारागीर शेतगाड्यांच्या कारखान्यात रंगकाम करीत असे. महामंदीत काम गेल्यावर त्याने थाळ्या आणि फर्निचर रंगवून विकायला सुरुवात केली आणि त्याचे पाहून इतर शिकले. या विषयात ज्याला खोल जायचे असेल त्याने या जेवणाच्या दिवशीच सकाळी डेकोरातील वेस्टरहाइम संग्रहालय पाहावे. ल्युथर कॉलेजातील संग्रहातून 1877 मध्ये सुरू झालेले हे संग्रहालय आमच्याकडून दीड तासाच्या आत आहे. तिथल्या स्थलांतरितांच्या पेट्यांवर मालकाचे नाव आणि साल नक्षीत गुंफलेले असते. एका कुटुंबाची सारी मालमत्ता किती जागेत मावली, हे त्या पेटीशेजारी उभे राहिल्यावर कळते.

निघताना लेफ्सेची पाकिटे घ्यायला गेलो तर ती दुपारी दोनलाच संपली होती. माझ्या मुलीने लाटलेल्या दोन लेफ्सेंपैकी एक उचलताना फाटली होती. आजीबाईंनी ती फेकली नव्हती. लोणी-साखर लावून, कागदात गुंडाळून बाजूला ठेवली होती. मी पैसे विचारले तेव्हा त्यांनी ती पुडी माझ्याऐवजी सासूबाईंच्या हातात दिली.